रामहरीला हवी असलेली गाडी

२७ जानेवारी, सोमवार

भंगारवाल्यानं गाडी नेली. टेम्पोत चढवताना मागचं चाक फिरत होतं. पुढचं नव्हतंच.

विम्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, यात आता काही राहिलं नाही, सही करा." केली. सहा वर्षं! कोकण दोनदा, हंपी, एकटीनं कच्छ. आणि शेवट कुठं झाला, तर धारूरच्या घाटात. तोही मी चालवत असताना नाही. रामहरी चालवत असताना.

सगळं नीट लिहून ठेवते. पुढं कुणी मला दुसरंच सांगायला लागलं तर ही वही तरी असेल.

१९ तारखेची रविवारची राइड. 'बालाघाट भटके' हा ग्रुप मी आणि रामहरीनं मिळून काढला, पाच वर्षांपूर्वी. त्याचं अंबाजोगाईत हेल्मेट-जॅकेटचं दुकान. मी खासगी आयटीआयमध्ये निदेशक, मेकॅनिकचा ट्रेड. राहायला दोघंही घाटनांदूरलाच. तो मला ताई म्हणतो. म्हणायचा.

नऊ गाड्या होत्या. आडसच्या पुढं चहाला थांबलो, तिथं मीच म्हटलं, "रामहरी, माझी चालवून बघ जरा. पॅड नवीन टाकलेत मी, बोट लावलं की ब्रेक लागतो." गाड्या बदलल्या. धारूर मागं टाकून घाट उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर तो वळलाच नाही. सरळ कठड्यावर! गाडी दरीत, तो कठड्याच्या अलीकडं पडलेला. डाव्या खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या.

मी पळत गेले. हेल्मेटची काच वर केली. पहिलं वाक्य काय बोलला? — "ताई, ब्रेकच लागला न्हाई. लिव्हर पार हँडलला टेकला."

सात पुरुष भोवती उभे होते. सातही जणांनी माझ्याकडं बघितलं.

२९ जानेवारी, बुधवार

ग्रुपवर भागवतनं टाकलंय — "बाईच्या हातची भाकर खावी, ब्रेक न्हाई." भागवत म्हणजे औषधांच्या दुकानवाला, साधी चेन ढिली झाली तरी मला फोन करणारा. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पुण्या-नाशिकचे लोकही हसलेत.

दवाखान्यातून रामहरीनंही एक हसरा चेहरा टाकलाय.

तो एक चेहरा मी दहा वेळा बघितला.

३१ जानेवारी

आज वर्गात ब्रेकचा धडा होता. मागच्या बाकावर कुजबुज. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, "मॅडम, ते घाटातलं काय प्रकरण आहे? संस्थेचं नाव नको यायला."

मी दोरी बांधून दरीत उतरले होते, हे कुणी ग्रुपवर टाकलं नाही. पुढचं चाक सापडलं, डिस्क सापडली, वाकडी झालेली. ब्रेकचे पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर सापडला नाही. सगळ्या दगडात, बाभळीत शोधलं. तो सापडला असता तर ह्या सगळ्यांच्या तोंडावर मारला असता.

घाबरला तो! वळण चुकलं, हात गारठले, आणि तोंडातून निघालं ते बाईचं नाव. एवढी साधी गोष्ट आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी घेणार. आजच ठरवलं.

आणि रामहरीच्या गाडीपेक्षा भारी घेणार. धारूरच्या त्याच घाटात त्याला मागं टाकणार. त्यानं माझा नंबर वाचला पाहिजे मागून. वाचत राहिलं पाहिजे.

आई म्हणाली, "नवी घ्यायची तर स्कुटी घी की. मलाबी बसता यील."

९ फेब्रुवारी, रविवार

लातूरला जाऊन आले, एसटीनं. गाडी नसलेल्या माणसाला जग किती हळू असतं!

पहिल्या शोरूमच्या पोरानं विचारलं, "सर पार्किंगला आहेत का?" म्हटलं, सर कुणीच नाहीत, गाडी दाखव. साडेचारशे सीसीची, सगळे घेतायत ती. सीट आठशे पंचवीस मिलिमीटर. माझी उंची पाच फूट तीन इंच. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा नाही. चालते. इंजिन चांगलं, खड्ड्यात छान. पण रामहरीकडं हीच आहे! तीच घेऊन काय करू? दोघांचा फोटो काढायचाय का?

दुसरीकडं नारंगी रंगाची तीनशे नव्वदवाली. पळते, बाप रे! पण बसले की वाटतं आपण तिला चालवत नाही, तिनं आपल्याला उचलून नेलंय. वळणावर मजा आली.  यादीत ठेवली.

तिसरीकडं दोनशे दहा सीसीची. हलकी, एकशे अडुसष्ट किलो. गिऱ्हाइकं तिच्याकडं बघतही नव्हती. मी मुद्दाम आडवी पाडली आणि एकटीनं उभी केली. पोरगा बघतच राहिला. चालवली तेव्हा अगदी माझ्या मापाची वाटली. मातीच्या रस्त्याला उभी राहून चालवली तर अंगाबरोबर हलत होती. दहा मिनिटांत मी रामहरीला विसरले होते.

म्हणूनच नको. ह्या गाडीनं कोण जळणार?

१६ फेब्रुवारी

भागवतचा फोन. माफी मागायला नाही, "ताई, क्लचची तार तुटली, आता काय करू" म्हणून. सांगितलं काय करायचं ते. मग त्याला बोलतं केलं.

आता खरी बातमी! रामहरीला पुण्याची एक टूर कंपनी घेणार आहे. जूनमध्ये स्पितीची टूर, हिमाचलात, बारा गाड्या, पुढं लीडर रामहरी. आणि त्यासाठी मोठी गाडी बघून ठेवलीय त्यानं. उमापूरच्या सुभेदार मुंजाजींची व्ही-स्ट्रॉम सहाशे पन्नास. पिवळी. ती मी एकदा गेवराईत लांबून बघितलीय, आवाज अजून कानात आहे. आता ती नवीन मिळतच नाही, कंपनीनं इकडं बंद केली. म्हाताऱ्याची पाठ गेलीय, म्हणून विकणार. रामहरीला तोंडी शब्द दिलाय, खांदा बरा झाला की घेऊन जा.

"दोन वर्षं झाले ताई, तो त्या गाडीच्या मागं हाय. मोबाईलवर फोटो लावलाय तिचा."

फोन ठेवला आणि एकटीच हसले. आई म्हणाली, "काय झालं गं?"

काही नाही. गाडी ठरली.

१७ फेब्रुवारी

सीट आठशे पस्तीस. वजन दोनशे सोळा किलो. माझ्या चौपट!

असू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

उमापूर. पहाटेची गाडी धरून गेवराई, तिथून काळीपिवळी. अकरा वाजता सुभेदारांच्या दारात.

मुंजाजी सत्तरीकडं झुकलेले, कंबरेला पट्टा, पण उभं राहणं फौजेतलंच. त्यांच्या बायकोनं, छबुबाईंनी, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गाडी बगायला बाई? देवा! मग तर बगाच. ह्यांचं धाकटं लेकरू हाय ते. रोज पुसतेत."

शेडमध्ये तागाच्या पोत्यांवर उभी होती ती, वर जुनी गोधडी. गोधडी काढली. पिवळा रंग असा, की शेडच उजळली. रोज सकाळी पाच मिनिटं चालू करून ठेवतात. त्यांनी बटन दाबलं. तो आवाज! पोटात जाऊन बसला.

"पण मॅडम, एका पोराला जबान दिलीय मी. अंबाजोगाईचा रामहरी. वळखत असाल."

ओळखते म्हटलं. घाटातलं सांगितलं. माझी गाडी, त्यानं कशी घालवली, ग्रुपमध्ये काय काय बोलले. ते ऐकत होते. "गाडी हाय, अपघात हुतो. त्याच्यात पोराचा काय गुन्हा?"

मग मी आणखी एक वाक्य बोलले. म्हटलं, "त्याच्या तोंडाला वास येत होता, सुभेदार."

 ते गोधडीची घडी घालायला लागले. एकदम चौकोनी. म्हणाले, "लद्दाखमध्ये माझा एक डायवर पिऊन बसला हुता गाडीवर. तीन पोरं गेले. मी कागदं भरले त्यांचे." घडी बाजूला ठेवून — "तुमी घिऊन जा. माझी जबान माणसाला हुती. दारूला न्हाई."

किंमत इथं लिहीत नाही. लिहिली तर रडू येईल.

परतीच्या गाडीत विचार करत होते. वास येत होता का? काच वर केली तेव्हा काहीतरी वास होता. पेट्रोलचा होता, रक्ताचा होता. दारूचाही असेल. आदल्या रात्री ग्रुपमधल्या सत्यमच्या भावाची हळद होती, तिथं तो गेला होताच की.

आला असेल. मला तरी आला असं आठवतंय.

१ मार्च, शनिवार

आणली!!

गेवराईच्या पंपावर पाडली. थांबता थांबता उजवा पाय खाली घेतला, तर खाली जमीनच नाही. खड्डा होता. दोनशे सोळा किलो हळूहळू कलले आणि मी बघत राहिले. तीन माणसांनी मिळून उचलली. एकजण म्हणाला, "मालकाला बोलवा मॅडम." आरशाची दांडी वाकली. माझ्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग.

पुढं माजलगाव, तेलगाव, आणि मग धारूरचा घाट. चढताना त्या वळणावर थांबले नाही. कठड्याला अजून नवीन सिमेंट लावलेलं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वर गेले. असा जोर, की रस्ता पायाखालून कुणी ओढून घेतोय!

आईनं ओवाळलं, हँडलला लिंबू-मिरची बांधली, हळदीकुंकू लावलं. पण मी खाली उतरताना एका बोटावर तोल सावरत होते ते तिनं बघितलं. वीस वर्षं ऊस तोडलेली बाई, मोळीचं वजन नुसतं बघून सांगते.

"पाय टेकत न्हाईत तर कावून घेतलीस?"



२ मार्च

रामहरीच्या दुकानासमोरून गेले. तीनदा.

तिसऱ्या वेळी तो बाहेर आला. हात गळ्यात अडकवलेला. नुसता बघत उभा राहिला. मी वळून बघितलं नाही, आरशात बघितलं.

लई बरं वाटलं. लई म्हणजे लई!

५ मार्च

सुभेदारांनी रामहरीला फोनवर सरळ सांगितलं, "दारू पिऊन घाट उतरणाऱ्याला माझी गाडी देत न्हाई." तेव्हा भागवत त्याच्या दुकानातच बसला होता. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला कळलं.

आता भाकरीचा विनोद कुणी करत नाही. आता विनोद बाटलीचे आहेत.

सत्यमनं लिहिलं, "ताई, आमी उगंच तुमच्यावर बोललो." त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मोठ्या मनाची बाई!

१४ मार्च

आज धुळवड. पिवळी बाहेर काढली नाही, पोरं रंग टाकतील म्हणून.

दुपारी आई डबा घेऊन कुठं निघाली विचारलं. म्हणाली, रामहरीकडं. पुरणाच्या पोळ्या. मी म्हटलं, त्या माणसानं मला गावभर बदनाम केलं आणि तू पोळ्या नेतेस?

"मोडलेला हात हाय गं त्याचा. बायको एकली करती समदं."

चिडले. खूप बोलले. ती डबा घेऊन गेलीच. आल्यावर सांगत होती, खांदा नीट जुळला नाही, हात वर जात नाही. म्हटलं, मला नको सांगू.

३० मार्च, पाडवा

सीट खाली करता येते का म्हणून बीडला एका कारागिराला दाखवली. फोम कापला. आता दोन्ही चवडे टेकतात, पण मांडी तासाभरात दुखायला लागते. मागचं लिंकही बदललं, म्हणजे गाडी थोडी खाली बसली. आता खड्ड्यात खाली घासते. एक जमलं की दुसरं बिघडतं!

खरं सांगायचं, ही वही कुणी वाचत नाही म्हणून — लातूरच्या त्या दोनशे दहाची आठवण येते. कच्च्या रस्त्याला मी उभी होते आणि हसत होते. पिवळीवर अजून एकदाही हसले नाही. दात घट्ट धरून चालवते.

पण रामहरीला ती नको होती ना. त्याला ही हवी होती.

११ एप्रिल, शुक्रवार

पुण्याहून फोन. राजनंदिनी म्हणून मुलगी, त्या टूर कंपनीची. गोड बोलते. "मॅडम, रामहरी सरांबद्दल आम्हाला थोडं वेगळं कानावर आलंय. तुम्ही त्या राइडला होता. ते ड्रिंक करून चालवत होते, हे खरं आहे का?"

अंगणात उभी होते. समोर पिवळी. आई तुळशीला पाणी घालत होती, तिचं लक्ष माझ्याकडंच.

खोटं बोलले नाही. खरंही नाही. म्हटलं, "त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. मी काही म्हणणार नाही."

 मग ती हळूच म्हणाली, "समजलं मला, मॅडम."

समजलं! अगदी बरोबर समजलं. 'हो' म्हटलं असतं तर तिनं पुरावा मागितला असता.

मग तिनं विचारलं, तुम्ही कुठं कुठं फिरलाय? कच्छ सांगितलं. गाडी कुठली? सांगितली. रिपेअरिंग येतं का? म्हटलं, मी ते शिकवते.

१९ एप्रिल

स्पिती मला मिळाली. ५ जूनला निघायचं. बारा गाड्या, लीडर मी. मेकॅनिकही मीच.

त्याची गाडी, त्याची टूर. आता त्याच्याकडं घेण्यासारखं काय उरलं, ते बघायला पाहिजे.

२० एप्रिल

कालचं शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. ते मीच लिहिलंय.

८ मे, गुरुवार

सुट्टी लागली. रोज सकाळी सहाला निघून चाळीस-पन्नास किलोमीटर. गाडी आता थोडी ऐकते. उचलायचं तंत्र जमलं, पाठ टेकवून, गुडघ्यातून. आज लांब गेले, शिरूर कासारच्या पुढं माळावर मुद्दाम तीनदा पाडली, तीनदा उचलली. मेंढ्या घेऊन चाललेले एक आजोबा, धुळाजी नाव सांगितलं, काठी टेकून बघत उभे.

"कावून पाडायलीस माय?"

म्हटलं, सवय करतेय.

"आन ही हाय कुनाची?"

माझीच म्हटलं. त्यांना पटलं नाही. म्हणाले, "तुझी आसंल तर तुझ्या मापाची आसती."

दिवसभर राग राहिला त्या म्हाताऱ्याचा.

२५ मे, रविवार

आज तो भेटला.

घाटनांदूर स्टेशनच्या रस्त्याला, रसाच्या गाड्यापाशी. मी गाडी लावत होते. तो पायी आला. चार महिन्यांत बारीक झालाय. बायको थोडी लांब उभी राहिली.

"ताई."

मी हेल्मेट काढलं.

"मी त्या दिशी प्यालो न्हवतो. हळदीतबी न्हाई. तुमाला माहीत हाय. माझा बाप दारूनं गेला, मी शिवत न्हाई, हे बी तुमाला माहीत हाय."

हो. माहीत होतं. पाच वर्षं बरोबर फिरलो, गोव्यातसुद्धा लिंबूपाणी प्यायचा. ते ऐकून गप्प बसायला पाहिजे होतं. पण त्यानं माझ्या गाडीच्या टाकीवर हात ठेवला, अलगद, ती त्याचीच असल्यासारखा. आणि माझं डोकं फिरलं.

"आणि ब्रेक मी नीट लावला होता, हे तुला माहीत नव्हतं? सात जणांसमोर काय म्हणालास? मग हसत बसलास ग्रुपवर!"

"हसलो ते चुकलं, ताई. दवाखान्यात पडलो हुतो, समदे हसले, मीबी टाकलं. पन—"

"पण काय?"

"काय न्हाई. दुकान सोडतोय. गिऱ्हाईक येत न्हाई. जाकिट घ्यायला आलेली पोरंबी बाटलीचं इच्यारतेत."

त्यानं निरोपाचा हात करायला डावा हात उचलला. खांद्यापर्यंतच गेला, तिथंच अडकला, लोंबकळला. फार चमत्कारिक दिसलं ते. आणि मी हसले. तोंडावर, मोठ्यानं. त्याची बायको बघत होती.

तो गेल्यावर उसाचा रस घेतला. जिंकल्यावर घेतात तसा. अर्धाच प्याले.

२६ मे

झोप नीट झाली नाही. उन्हाळा.

३१ मे, शनिवार

सामानाची तयारी. पंक्चर किट, दोन क्लचच्या तारा, चेनचं तेल, साखळी-कुलूप. जाड स्वेटर आईनं धुवून वाळत घातलाय, ह्या उन्हात! राजनंदिनीनं बारा जणांची यादी पाठवली. त्यात चार बायका आहेत. एकीनं खाली लिहिलंय, लीडर बाई आहे म्हणून नाव दिलं.

ते वाचून छाती फुगली. मग उगीच रामहरीचा अडकलेला हात डोळ्यांसमोर आला. झटकला.

उद्या पिवळीचं ब्रेकचं काम. पुढचे पॅड अर्ध्यावर आलेत, घाटात धोका नको. बाकी सगळी कामं आतापर्यंत बीडच्या कारागिराकडून केली, माझा टूलबॉक्स जानेवारीपासून उघडलाच नाही. उद्या काढते. बारा जणांचा जीव माझ्यावर आहे, स्वतःच्या हातानं केलेलं बरं.

१ जून, रविवार

सकाळी नऊला अंगणात पोतं अंथरून बसले. सुटे भाग ठेवायची लोहचुंबकाची वाटी उचलली, तर तिच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं. पिन. बोटाएवढी. पॅड कॅलिपरमध्ये धरून ठेवते ती. पिवळीच्या दोन्ही पिना पिवळीवर होत्या. ही माझ्या जुन्या गाडीची.

मग सगळं आठवलं. राइडच्या आदल्या दिवशी, शनिवारी पॅड बसवले, आणि संस्थेतून फोन आला. वीस मिनिटं बोलले. येऊन सरळ चाक चढवलं. पिन नसली तरी पॅड काही वेळ टिकतात. जोरात दाबला की निसटतात, आणि लिव्हर हँडलला टेकतो. हे मी दर वर्षी शिकवते.

गाडी तशीच उघडी ठेवून चालत रामहरीच्या घरी गेले. तो ओसरीवर दुकानातली खोकी बांधत होता, एका हातानं. "या ताई," म्हणाला. मी मूठ उघडली. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पिन हातात घेतली, उलटी करून बघितली. मी दारूचंही सांगितलं, एकेक शब्द, सुभेदारांना काय म्हणाले, पुण्याला काय म्हणाले नाही.

तो शिव्या देईल म्हणून उभी होते. तो बोलला, पण माझ्याशी नाही, त्या पिनशी बोलल्यासारखा —

"दाबला हुता मग मी. चार महिने झाले, मलाच वाटाय लागलं हुतं, मी दाबलाच नसंल."